फुलवालीच्या नावाची घागर

संस्थेच्या अकोल्याच्या शाखेतून माझी बदली अमरावतीच्या मूळ शाळेत झाली आणि घरून अकोल्याला रोज रेल्वेनं जाणं-येणं सुटलं. पहिल्या दिवशी स्टाफरूममधल्या पंख्याचं कोणतं बटण चालतं हे कुणी सांगितलं नाही, बाथरूमची किल्ली कुणाकडे असते हेही माझं मीच शोधून काढलं. भुतं मात्र सगळ्यांनी सांगितली, तीही मी डबा उघडायच्या आत.

इमारत इंग्रजांच्या काळातली. काळा दगड, उंच छत, लाकडी जिना, व्हरांड्याला कमानी आणि कमानींत कबुतरं. अशा इमारतीला भूत नसेल तर तिलाच कमीपणा वाटेल, हे मलाही मान्य आहे. गणिताचे सर म्हणाले, जिन्यावरून एक इंग्रज मडम बूट वाजवत खाली येते. मी विचारलं, वर कधी जाते? इतकी वर्षं ती नुसती खालीच येत होती, आणि एवढ्या हिशेबी माणसाला ते कधी खटकलं नव्हतं. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, प्रयोगशाळेतला सांगाडा अमावास्येला तोंड फिरवतो. मी विज्ञानाची, तेव्हा सांगाडा आता माझ्याच ताब्यात येणार होता. जाऊन पाहिलं तर तो प्लास्टिकचा होता आणि मानेचा स्क्रू ढिला झाला होता. मी स्क्रू घट्ट केला. त्यानंतर बरेच दिवस चित्रकलेच्या बाई माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

मी मूळची हिवरखेडकडची, शिकले अकोल्यात. आमच्याकडे भुतांचं एवढं स्तोम नाही. अकोल्याच्या मे महिन्यात जिवंत माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही, तर मेलेला कशाला पडेल? असलीच तिकडे भुतं, तर ती उन्हाळाभर चिखलदऱ्याला जाऊन राहत असतील. हे मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवलं. अमरावतीच्या लोकांना अकोल्याच्या माणसानं शहाणपण शिकवलेलं आवडत नाही.

"मॅडम, तुमच्याकडे नुसतं ऊन आहे," गणिताचे सर म्हणाले. "आमच्याकडे इतिहास आहे."

त्या इतिहासातलं सगळ्यात मानाचं भूत म्हणजे फुलवाली. तिची गोष्ट ऐकायची तर ती शिपाईमावशींकडून. मावशींच्या सासूबाईही याच शाळेत शिपाई होत्या, त्यामुळे भूत त्यांच्याकडे वारशानं आलेलं. दुसरं कुणी सांगायला लागलं की मावशी हातातला झाडू थांबवून म्हणायच्या, "तुमाले नाई सांगता येत. सरका, मी सांगतो."

गोष्ट अशी. फार वर्षांपूर्वी मॅट्रिकच्या वर्गात एका फुलमळेवाल्याची मुलगी होती. वर्गात पहिली. गावाच्या वेशीबाहेर बापाचा मळा होता, तिथून ती रोज सकाळी सरस्वतीच्या तसबिरीसाठी फुलं आणायची. शाळेचा तो रतीबच होता. परीक्षा तोंडावर आली आणि एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. ती मेली होती. कशानं मेली, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून. पाचवीच्या पोरींना मावशी साप सांगायच्या, दहावीच्या पोरींना विहीर. रुमाल न बांधता उन्हात हुंदडणाऱ्यांसाठी ती ऊन लागून मेलेली होती.

"पण फुलं येतच राह्यली," मावशी आवाज खाली आणायच्या. "माह्या सासूनं सोताच्या डोयानं पायलं. सकायी शाया उघडाव, तं म्याट्रिकच्या वर्गाच्या खिडकीत फुलाची पुडी. एरंडाच्या पानात बांधेल, वरतून दोऱ्यासारखं केयीचं सोपट. अन् आतमंदी फुलाइच्या वर मरव्याची काडी. आनलं कोनं? कोनीच नाई! परीक्षा लागली त्या दिवसालोक येत होती फुलं. मंग बंद. पोरीचा जीव परीक्षेत अडकेल होता ना!"

इथे मावशी थांबायच्या आणि ऐकणारे सगळे त्या खिडकीकडे बघायचे. मीही बघितलं. विज्ञान शिकवते म्हणून मान वळत नाही असं थोडंच आहे.

लग्न न होता गेलेल्या पोरीला पाणी कोण देणार, या काळजीनं मावशींच्या सासूबाईंनी अक्षय तृतीयेला त्या खिडकीखाली तिच्या नावाची घागर भरायला सुरुवात केली. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी पितरांच्या नावानं मातीची घागर भरतात. पाण्यात वाळा टाकतात, वर आंबा नाहीतर खरबूज ठेवतात, चिंचवणी आणि शेवयांचा नैवेद्य दाखवतात. एवढ्या उन्हाळ्यात गेलेल्या माणसांनाही तहान लागत असेल, असा त्यामागचा साधा विचार. शाळेतली घागर आजतागायत चालू आहे. निकालाच्या कामाला आलेले शिक्षक घरून काही ना काही घेऊन येतात. संस्कृतचे सर मंत्र म्हणतात. गणिताचे सर वर्गात मुलींना अंधश्रद्धेवर व्याख्यान देतात. तेच घागरीवर आंबा स्वतःच्या हातानं ठेवतात आणि नंतर स्वतःच्याच हातानं घरी नेतात.

हे सगळं मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं नसतं, तर शाळेतलं भूत शाळेतच राहिलं असतं.

सासूबाईंना मी आई म्हणते. सासरे गेल्यावर त्या भातकुलीचं घर बंद करून आमच्याकडे अमरावतीला राहायला आल्या. बोलायला रोखठोक. माझी जाऊ पुण्याची, अंगानं काटकुळी. तिला पहिल्यांदा पाहिल्यावर आईंनी चारचौघांत विचारलं होतं, "काहून एवढी वायली वं तू?" जाऊबाई अजून त्यातून सावरलेल्या नाहीत. माझ्या स्वयंपाकाला त्यांनी आजवर दिलेली सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "खाता येते." स्वतःच्या शिक्षणाबद्दल कुणी विचारलं तर त्या तेवढ्याच थोडक्यात उत्तर द्यायच्या, "म्याट्रिक नापास." पुढे कुणी काही विचारत नसे.

एका माणसाचं नाव मात्र आमच्या घरात निघत नसे, ते म्हणजे आईंचे वडील. लग्न झाल्यापासून आई त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. ते वारले तेव्हा त्या लोक काय म्हणतील म्हणून माहेरी जाऊन आल्या, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. हे मला नवऱ्यानं सांगितलं होतं. कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. दर अक्षय तृतीयेला आई सासरच्या सगळ्या गेलेल्या माणसांची घागर निगुतीनं भरायच्या. मग त्यांच्या भावाचा फोन यायचा, बाबांच्या घागरीला ये म्हणून. आई म्हणायच्या, "ऊन लय आहे, मी नाई येत." ऊन काय, दर वर्षी असतंच. भाऊ बिचारा तरी दर वर्षी फोन करायचा.

माझी बदली कोणत्या शाळेत झाली हे कळल्यावर आईंनी फक्त एवढंच विचारलं होतं, "घंटा आहे का वं तिथची? पितयेची?" मी म्हटलं, पितळेचीच आहे. त्या म्हणाल्या, "बरं." मला वाटलं, गावातल्या सगळ्यांनाच ती घंटा माहीत असेल.

तर एप्रिलमधली दुपार होती. कूलरसमोर बसून आई चिंचा फोडत होत्या, अक्षय तृतीयेच्या चिंचवणीसाठी. मी शाळेतून आले, पाणी प्याले आणि त्यांची करमणूक व्हावी म्हणून मावशींच्या आवाजात फुलवालीची गोष्ट सुरू केली. आई ऐकत होत्या. फुलं, मळा, वर्गात पहिली. मग मी म्हटलं, "अन् एक दिवस ती मेली."

आईंचा हात थांबला. "मेली?"

"हो."

"कशानं?"

"कुणी म्हणते साप चावला, कुणी म्हणते विहिरीत..."

"कोन म्हणते?"

"सगळी शाळा म्हणते, आई."

आईंनी हातातली चिंच परातीत टाकली. "अवं, मी जित्ती आहो ना!"

मला आधी वाटलं, त्यांना ऊन लागलं. मी कूलरचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं. त्यांनी ते पुन्हा माझ्याकडे फिरवलं आणि म्हणाल्या, "मले काही झालं नाई. ते पोट्टी मी आहो. वर्गात पयली मीच होतो, फुलं मीच नेत होतो. मेली काहून म्हणतेत ते?"

आणि मग त्या हसायला लागल्या. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आईंना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "सांग, सांग, अजून कशी कशी मेली मी?" मी सापाची गोष्ट सांगितली, उन्हाची सांगितली. विहिरीच्या गोष्टीला त्या चिडल्या. "इहिरीत कायले जीव देईन मी? आमचीच इहीर होती ते. सोन्यासारखं गोड पाणी होतं तिचं!"

मेल्या नव्हत्या तर झालं काय होतं, ते त्यांनी मग सांगितलं. लग्न झालं होतं. भातकुलीचं स्थळ आलं, आणि मुलाच्या आजोबांना डोळे मिटायच्या आत नातसून बघायची होती. आईंच्या मोठ्या काकांनी शब्द देऊन टाकला. पण त्याआधी एक शब्द आईंच्या वडिलांनी दिलेला होता, शाळेतल्या मोठ्या बाईंना. पोरगी मॅट्रिक होईपर्यंत लग्नाचा विषय काढणार नाही, असा.

"मले वाटलं, बाप नाई म्हणन," आई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "भावापुढं मान खाली घातली त्यानं अन् मांडव टाकला. मी नापास कायची? पेपरालेच नाई बसू देल्लं मले. पण नापास म्हटलं का लोक गप बसतेत. शायेतून उपटली म्हटलं, का मंग काहून उपटली, कोनं उपटली, सतरा गोष्टी."

मग पाण्याचं सांगितलं. भातकुलीकडचं पाणी खारं. डाळ शिजायची नाही, चहा नासायचा. मळ्यातल्या विहिरीवर वाढलेल्या मुलीनं पहिला उन्हाळा तिथे कसा काढला असेल, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "रडू रडू पाणी प्यावं मी." माझे सासरे स्वभावानं चांगले होते, संसार चांगला झाला, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार बापाबद्दल होती. मला घालवलं आणि मागे वळून बघितलं नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि ते त्यांनी सगळा जन्म धरून ठेवलं होतं.

वातावरण फार जड झालं म्हणून मी घागरीचं सांगितलं. ते ऐकून आई ताठ झाल्या. "जित्त्या बाईच्या नावानं घागर भरते तुमची शाया? एवढे शिकेल लोक?" मग थोडा विचार करून म्हणाल्या, "तरीच मले तहान नाई लागत." डॉक्टर गेली दोन-तीन वर्षं त्यांना पाणी प्या, पाणी प्या म्हणून रागावत होते. आता त्यांना सांगायला कारण सापडलं.

"अन् फुलं?" मी म्हटलं. "तुम्ही गेल्यावर फुलं कुणी आणली मग?"

"कोनती फुलं?"

माझी गोष्ट त्यांनी मध्येच तोडली होती, त्यामुळे हा भाग राहिलाच होता. मी सांगितला. खिडकीतली पुडी, एरंडाचं पान, केळीचं सोपट, मरव्याची काडी.

आई म्हणाल्या, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"एरंडाच्या पानात? पयसाच्या नाई?"

"एरंडाच्याच. पळसाचं कुणी म्हणालं नाही."

"अन् मरवा होता?"

"होता म्हणे."

आई उठल्या, हात धुतले आणि मागच्या दारात जाऊन बसल्या. चिंचा तशाच परातीत. रात्री जेवल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "भूत जेवते का?" पण आवाजात गंमत नव्हती. सकाळी चहा घेताना त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "आखाजीले मले तुया शायेत ने."

अक्षय तृतीयेला घरची घागर सकाळीच आटोपून आई तयार होऊन बसल्या. ठेवणीतलं पातळ नेसल्या होत्या. माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि प्रत्येक गतिरोधकावर मला एक शिवी दिली. शाळेच्या दारात उतरल्यावर आधी घंटेजवळ गेल्या, तिच्यावर हात ठेवला. मग मी दाखवायच्या आधीच व्हरांड्यातून नीट त्या वर्गाकडे चालायला लागल्या.

मावशी खिडकीखाली रांगोळी घालत होत्या. माझ्या सासूबाई आल्या आहेत, त्यांना फुलवालीची गोष्ट ऐकायची आहे, असं मी सांगितलं. मावशींचा चेहरा खुलला. नवं गिऱ्हाईक म्हणजे त्यांचा सणच. "बसा आजी. तुमी बाहेरच्या, तुमाले मालूम नसन," म्हणाल्या आणि भुतालाच भुताची गोष्ट सांगायला बसल्या.

त्या दिवशी मावशींनी काही हातचं राखलं नाही. "पोरगी कशी, तं दुधासारखी गोरी!"

"गोरी कायची?" आई म्हणाल्या. "मयात उन्हात फिरनारी पोट्टी गोरी कशी राहीन? कायीच असन."

मावशींनी दुर्लक्ष केलं. "केस गुडघ्यालोक!"

"अन् केसाइत उवा," आई म्हणाल्या.

"आजी, तुमी पायली का तिले?" मावशी तडकल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या सासूबाईले सांगा, गोष्टीत मधी मधी बोलू नये. भूत नाराज होते."

मी तोंडावर रुमाल धरून खोकले. भूत माझ्या शेजारी मांडी घालून बसलं होतं आणि खरंच नाराज होतं.

पुढे मृत्यू आला. त्या दिवशी साप आणि विहीर दोन्ही होते. सापानं चावल्यावर ती विहिरीत पडली. आईंनी तेही ऐकून घेतलं. मग फुलं आली. तिथून आई एक शब्द मध्ये बोलल्या नाहीत. गोष्ट संपत आली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "पेपराच्या दिवशी बी होती पुडी?"

"होती ना!" मावशी म्हणाल्या. "पन त्या दिवशी खिडकीत नोती. माही सासू सांगे, त्या दिवशी आत बाकावर होती. खिडकीजवयच्या. तिच्याच जाग्यावर."

आई उठल्या आणि वर्गात गेल्या. मी मागोमाग गेले. बाक आता नवे आहेत, लोखंडी पायांचे. खिडकी तीच आहे. आई तिथे उभ्या राहून बाहेरच्या रस्त्याकडे बघत होत्या.

"मी खिडकीपाशी बसतो, हे बापालेच मालूम होतं," त्या म्हणाल्या. "मीच सांगतलं होतं. या रस्त्यानं त्याची बैलाची बंडी बाजारात जाये. जाता जाता खिडकीकडे पाहे तो. मी हात नाई हालवू, बाई मारतीन म्हणून. पेन्सिल दाखवत होतो."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"गावात बाकी सारे फुलं पयसाच्या पानात बांधत. आमच्या धुऱ्यावर, मयाच्या बांधावर, एरंड होता, म्हणून बाप एरंडाच्या पानात बांधे. अन् मरवा काही रतिबाचा नोता. देवीले फुलं. मरव्याची काडी माह्या वेणीची. रोज पुडी बांधली का वरून एक काडी ठेवे, म्हणे, हे तुयी."

त्या खिडकीच्या दगडावर हात फिरवत होत्या.

"मले पोचवून देल्लं भातकुलीले, अन् इथं मरवा बांधत बसला, येडा," आई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. बापाच्या मयतीला न आलेलं रडू त्यांना त्या रिकाम्या वर्गात आलं. मीही रडले. मला माझे वडील आठवले, त्यांचा यात काही संबंध नसताना.

बाहेर घागर तयार होती. वाळा घातलेलं पाणी, वर गणिताच्या सरांचा आंबा. संस्कृतचे सर धोतर नेसून आले होते, आणि घामानं त्यांच्यापेक्षा धोतरच जास्त बेजार झालं होतं. मावशी म्हणाल्या, "चाला, आता पोरीच्या नावानं पाणी सोडू."

"पोरीच्या नाई," आई म्हणाल्या. "पोरीच्या बापाच्या नावानं सोडा."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मावशींना ते मुळीच पसंत पडलं नाही. "बापाच्या कावून? भूत पोरगी आहे."

"पोरीले नाई लागत तहान. बापाले लागली असन. इतके वर्षं झाले, त्याले कोनं पाजलं नाई."

भावाकडे दर वर्षी घागर भरत होतीच. पण आईंच्या म्हणण्याचा अर्थ वेगळा होता, आणि तो तिथे मला एकटीलाच कळला. संस्कृतच्या सरांनी वाद वाढवला नाही, त्यांना उन्हाची घाई होती. त्यांनी हातात दर्भ घेतला आणि सवयीनं विचारलं, "नाव?"

इतक्या वर्षांत फुलवालीचंही नाव कुणाला माहीत नव्हतं, मग तिच्या बापाचं कुठून असणार? सर नेहमीप्रमाणे "अमुक" म्हणणार, तेवढ्यात आईंनी नाव सांगितलं. बापाचं पूर्ण नाव, मोठ्यानं, व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. त्यांच्या घरात सून म्हणून आल्यापासून ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

सर दचकले. "तुम्हाला कसं माहीत?"

"फुलवाले एकमेकाले ओयखतेत," आई म्हणाल्या. मग पुढे होऊन त्यांनी तांब्या घेतला आणि आपल्या हातानं पाणी सोडलं. पितराला मुलीनं पाणी सोडावं की नाही, यावर संस्कृतच्या सरांकडे बोलायला पुष्कळ असणार. ते काही बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांचे सगळे जुने अपराध माफ केले.

परत निघताना मी आईंना म्हटलं, सांगून टाकायचं का सगळ्यांना? तुम्ही जिवंत आहात म्हणून?

"काहून? त्या मावशीची गोष्ट मोडते मंग," आई म्हणाल्या. "एवढी मेहनत केली तिनं. भूत राहू दे."

त्याच संध्याकाळी आईंनी भावाला फोन केला. काय बोलल्या ते मला माहीत नाही, कारण त्यांनी मला मुद्दाम दुकानात गूळ आणायला पाठवलं. घरात गूळ होता. नवऱ्याला सगळं कळल्यावर त्यानं उत्साहानं जाहीर केलं, "आई, तू आता दहावीला बस. बाहेरून बसता येते." आईंनी त्याच्याकडे बघितलं. "मले आता कायले पाहिजे दहावी? भुताले काय नोकरी लागते?" विषय संपला.

पुढे जूनच्या शेवटी शाळा उघडली. शाळेचा पहिला दिवस. मी निघायच्या तयारीत होते आणि आई मागच्या दारातून आल्या. हातात पुडी. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एरंड माजला आहे, त्याचं पान. केळीचं सोपट कुठून पैदा केलं होतं, देव जाणे. फुलं भावाच्या मळ्यातून आली होती. "सरस्वतीची आहेत," म्हणाल्या. "आधी खिडकीत ठेव, मंग घंटा झाली का फोटोले घाल. कोनाले दिसू नको."

मी पुडी घेतली. वर मरव्याची काडी नव्हती. मी म्हटलं, "आई, मरवा विसरला."

"मरवा देवीचा नाई म्हणून सांगतलं ना तुले. पाठ फिरव."

मी पाठ फिरवली. त्यांनी माझ्या अंबाड्यात मरव्याची काडी खोचली. हात त्यांचा जडच आहे, पिन टोचली.

"दुसरं कोन जाते माह्या घरातून शायेत?" आई म्हणाल्या.

त्या दिवशी शाळेत जे झालं ते सांगत बसत नाही. फुलवाली परत आली म्हणून मावशींनी दिवसभर झाडू हातात धरला नाही. गणिताच्या सरांनी त्या वर्गाचा तास चित्रकलेच्या बाईंशी बदलून घेतला आणि कारण दमट हवेचं दिलं. फुलं आता रोज येतात. आठवीतल्या पोरी माझ्याकडे शंका घेऊन आल्या, "मॅडम, तुम्ही तर विज्ञानाच्या. भूत असते का?" मी म्हटलं, असते, आणि गतिरोधकावर शिव्या देते. त्या हसल्या नाहीत. त्या माझ्या अंबाड्याकडे बघत होत्या.

एक दिवस मधल्या सुट्टीत मावशींनी मला बाजूला घेऊन फार काळजीनं विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून. पोरींमध्ये बातमी पसरली होती की फुलवाली विज्ञानाच्या मॅडमच्या अंगात आली. तिचा मरवा मॅडमच्या डोक्यात दिसतो.

मी नाही म्हटलं नाही. काडी सुकेपर्यंत रोज तशीच राहू देते, आणि सकाळी पुन्हा पाठ फिरवून उभी राहते.